पाचवा खड्डा

...आन वरून मलाच इचारतात, शांतलिंग, खड्डा कुणासाठी खणला? कुणासाठी म्हंजे? झाडासाठी! माळी माणूस खड्डा आणखी कशासाठी खणतो? तीस वर्षं साखर कारखान्याच्या बंगल्यावर बाग सांभाळली, शेकड्यानं खड्डे खणले, तिथं एकबी माणूस असा आला न्हाय, की खड्ड्याच्या काठावर उभा राहून गुडघ्यापासून डोक्यापतूर सोताचं माप घेतोय. पण इथं घेतात. का, तर हे खड्डे मी रुद्रभूमीत, म्हंजे आमच्या मसणवट्यात खणले. बास, एवढीच माझी चूक. पण तुमाला सांगतो, खड्डा झाडासाठीच व्हता.

आता तुमी म्हणाल, बागेला दुसरी जागा मिळाली न्हाय का? अवो, रिटायर झालो, घरी बसलो, बसून बसून आमच्या मंडळींच्या स्वयंपाकात नाक खुपसाय लागलो. डाळीला मीठ कमी, भाकरी जाड... भुवनेश्वरीनं एक दिवस भाकरी थापता थापताच सांगितलं, तुमी कुठंतरी कामाला जावा, न्हायतर मी जाते. तेवढ्यात समाजाच्या समितीचे अध्यक्ष महालिंगप्पा दारात. आडत दुकानवाले, अठ्ठ्याहत्तर वय, आवाज खणखणीत. म्हणले, आपल्या लिंगायतांची रुद्रभूमी पार ओसाड पडलीय, माती द्यायला आलेल्या लोकांना उन्हात करपावं लागतंय, तू जरा सावली कर. मी लगीच व्हय म्हणलो.

आन खरं सांगू का, जागा लई सुखाची हो! काळीभोर माती, नळाला पाणी, वर कंपाऊंड. कारखान्यावर काय व्हायचं, जास्वंद सकाळी साडेपाचलाच गायब. गुलाबाला कळी धरली, की साहेबांच्या बायका मोजून ठेवायच्या. इथं? इथं मोगरा झाडावर फुलतो आन झाडावरच वाळतो. हितलं फूल तोडून देवाला न्यायची कुणाच्या बापाची हिंमत न्हाय. आन जे लोक तिथं कायमचे राहायला आलेत, त्यांची एका शब्दाची तक्रार न्हाय. शांतलिंग ह्ये कापलं न्हाय, शांतलिंग त्ये वाळलं कसं... काय न्हाय. जिंदगीत पहिल्यांदा मला असं मालक मिळालं.

मंग एप्रिलाच्या शेवटाला म्या भिंतीकडंनं पाच खड्डे खणले. पाच लिंबं, कडू लिंबं लावायची, ठरलं. आता आमच्या धंद्याचा कायदा असाय, की खड्डा खणला की महिना-दीड महिना उघडा टाकायचा, उन्हात तापू द्यायचा. वाळवी मरती, किडे मरतात, मंग मिरगाचा पाऊस पडला की शेणखत, माती, आन वर रोप. आन रुद्रभूमीचा कायदा काय? तर खड्डा ज्या दिवशी खणला त्याच दिवशी बुजला पायजे. उघडा खड्डा माणूस मागतो, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात आमच्यात जाळायची रीत न्हाय, आमी माणसाला मांडी घालून, बसवून माती देतो. म्हंजे त्यो खड्डा कसा असतो, तर बसत्या माणसाच्या मापाचा. आन झाडाचा खड्डा कसा असतो? आलं का ध्यानात? हे मला ठाऊक न्हवतं का, चांगलं ठाऊक व्हतं. पण मी म्हणलं, त्यो कायदा माणसाच्या खड्ड्याचा, झाडाच्या न्हाय. आता हे खड्ड्याला कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी शिवगंगाआज्जी गेल्या. त्र्याण्णव वय, तीन वर्षं खाटेवर, डॉक्टरनं दोनदा घरच्यांना बोलवून घ्या म्हणून सांगितल्यालं. तरी माती देताना जंगमस्वामी विभूती लावत व्हते तिकडं आन बघत व्हते माझ्याकडं. त्यांचा खड्डा येगळा खणला, त्या तिकडं, पार दुसऱ्या टोकाला! पण मागनं कुणीतरी हळूच म्हणलं, एक झाला.

आठ दिवसांनी महालिंगप्पांचा चुलतभाऊ. कळंबच्या बाजाराला गेला, मोटारसायकलीवरनं उन्हात आला, पाणी प्याला, आडवा झाला, उठलाच न्हाय. दोन. मंग पंधरवड्यात आणखी एक, आन त्याच्या पाठोपाठ आणखी एक. मे महिना, त्रेचाळीस ऊन, म्हातारी माणसं जाणारच की, असं मी चावडीवर, पारावर, न्हाव्याकडं, सगळीकडं छाती काढून सांगायचो. चौथ्याला माती दिल्यावर मीबी सांगायचं बंद केलं.

मंग गावात काय सुरू झालं इचारू नका. सत्तरीच्या वरची माणसं पिशव्या भरून एसटीनं सोलापूरला लेकीकडं, कलबुर्गीला भाच्याकडं. ज्यांना कुठं जायला जागा न्हाय ती माझ्याकडं. गिरिजाबाई आल्या, पाचव्या खड्ड्यात वाकून बघितलं आन म्हणल्या, माझं गुडघं दुमडत न्हाईत रे, मी यात मावंन का? मी म्हणलं, न्हाय मावणार मावशी, बिनघोर घरी जावा. बाई खुशीत गेल्या, पण दुसऱ्या दिवशी परत आल्या माप घ्यायला! महालिंगप्पांनी तर मला दुकानावर बोलवून सांगितलं, खड्डे आजच्या आज बुजव. मी म्हणलं, अण्णा, अर्धा तापल्याला खड्डा म्या आजपतूर बुजवला न्हाय, झाडं वाळवीनं गेली तर नाव माझं जातंय. माझा हट्ट! आता वाटतं, बुजवला असता तर काय बिघडलं असतं? पण खड्डा झाडासाठीच व्हता हो, मी का ऐकू?

मिरगाला पाऊस झाला. एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच ढिगातलं खत घालून पाची लिंबं लावली. चार अशी उठली म्हणता, नागपंचमीला माझ्या कमरेला लागली. आन पाचवं... पंधरा दिवसांत पिवळं, तिसऱ्या आठवड्यात काटकी. दुसरं लावलं. तेबी गेलं. झालं! गावानं हिशेब मांडला. चार खड्ड्यांना माणूस मिळाला, चार झाडं लागली. पाचवा अजून उपाशी हाय. मला कुणी तोंडावर म्हणलं न्हाय, पण मी रस्त्यानं निघालो की म्हातारी माणसं दार लोटून घ्यायला लागली. माळ्याला बघून दार लोटतात कुणी? यमाला लोटतात.

मी म्हणलं, थांबा. मेल्यालं रोप उपटून मूळ बघितलं. काळं पडल्यालं, हातात घेतलं तर लिबलिबीत, वास सुटल्याला. वाळवी न्हाय, काय न्हाय. पाणी! पाण्यानं कुजल्यालं. काळ्या मातीत आधीच ओल राहती, त्यात पावसाळा, आन मी तर थेंब घालत न्हवतो. मंग घालतंय कोण?

तिसरं रोप लावलं आन भर दुपारी पत्र्याच्या शेडमागं दडून बसलो. बारा वाजता गिरिजाबाई आल्या. पदराखालनं तांब्या काढला, झाडाला पाणी घातलं, हात जोडले, गेल्या. साडेबाराला शाळेतनं रिटायर झालेले रेवणसिद्ध मास्तर, कमंडलू घेऊन. एक वाजता दोघी जावा, घरी एकमेकींशी बोलत न्हाईत, हितं मात्र एकाच कळशीनं पाणी घालायला. आन अडीचला कोण? महालिंगप्पा! खिशातनं बाटली काढली, चहूकडं बघितलं, घातली. एका दुपारी अकरा माणसं! झाड जगलं म्हंजे आपण जगलो, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात. सगळी मिळून त्या लेकराला बुडवून मारत व्हती.

म्या पाटी लावली, या झाडाला पाणी घालू नये. तर लोकांनी काय अर्थ काढला? शांतलिंगनं खड्डा कुणासाठी तरी राखून ठेवलाय! दुसऱ्या दिवशी अकराचे सतरा झाले. शेवटी समितीची बैठक बोलावली आन सगळ्यांच्या म्होरं घसा फोडून सांगितलं, की अवो, झाडाला खड्डा खात न्हाय, तुमी खाताय! महालिंगप्पा खाली मान घालून बसले, मंग उठले आन म्हणले, ज्याला जगायचंय त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगावं, की पाणी घालणार न्हाय. सगळ्यांनी हात लावला. आमची अव्वाबी व्हती तिथं, म्हंजे माझी आई, नीलम्मा, ब्याऐंशी वय. तिनंबी लावला. इष्टलिंगाला हात लावून आमच्यात कुणी खोटं बोलत न्हाय. मी म्हणलं, सुटलो.

आठ दिवसांनी बघतो, तर पानं पिवळी. माती हातात घेतली, तर चिखल.

परत शेडमागं बसलो. बारा वाजले, कुणी न्हाय. एक वाजला, कुणी न्हाय. दोनच्या सुमाराला फाटक वाजलं आन अव्वा आत आली. काठी टेकत, चार पावलं चालायची, थांबायची. घरात न्हाणीपतूर जायला हिला हात धरावा लागतो, आन ही एकटी गाव वलांडून आल्याली. नळापाशी गेली, तांब्या भरला, झाडापाशी गेली, नमः शिवाय म्हणलं, ओतला. परत नळापाशी. मी मोजत बसलो. एकवीस तांबे घातले तिनं. एकवीस! पंधराव्याला तिचा हात असा कापाय लागला, की निम्मं पाणी लुगड्यावर.

मी बाहेर आलो. म्हणलं, अव्वा, तू लिंगाला हात लावला व्हतास ना?

ती म्हणली, "व्हय. माझ्यासाठी घालणार न्हाय म्हणून लावला व्हता."

"मंग हे कुणासाठी?"

"तुला साठ लागलं की रं औंदा," अव्वा म्हणली. "आन खड्डा तूच खणलायस."

तुमाला सांगतो... सगळं गाव सोताचा जीव वाचवाय आलं व्हतं, आन ही माझा. मी सांगणार व्हतो, अव्वा, झाड तुझ्याच पाण्यानं मरतंय. तोंड उघडलं, आन मिटलं. सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, की आपण आपल्या हातानं लेकाला खड्ड्याकडं ढकललं. ब्याऐंशीव्या वर्षी हे कुणाला सांगावं का? म्हणलं, बरं झालं घातलंस, चल घरी, माझा हात धर.

तवापासनं माझं हे असंय. पानं पिवळी पडली, की लोहारा गावच्या रोपवाटिकेत जायचं, तेवढ्याच उंचीचं लिंब आणायचं, आन अव्वा यायच्या आधी, सकाळीच, जुनं काढून नवं लावायचं. अव्वा दुपारी येती, बघती, म्हणती, कसं टवटवीत हाय बघ, पाणी लागतंय म्हणायचं माझ्या हातचं. मधी तिनं इचारलं, बाकीची चार मुंडक्याच्या वर गेली, आन हे गुडघ्याएवढंच कसं? मी म्हणलं, अव्वा, आधी खाली मूळ धरतंय. गाव खूश, झाड हिरवं हाय. सोलापूरला गेल्याली म्हातारी माणसं परत आली. चारी झाडांखाली आता वीतभर का व्हईना सावली पडती, तिथं दाटीनं बसून पत्तेबी खेळतात. एकटा रोपवाटिकेतला प्रेमानंद परवा मला म्हणला, मामा, दर पंधरा दिवसांनी एकच लिंब न्हेताय, तुमच्याकडं खड्डे तरी किती हायत? काय सांगू त्याला? म्हणलं, एकच हाय बाबा, भरंना.

आन गेल्या आठवड्यात अव्वाला ताप आला. चार दिवस अंथरुणात. सलाईन लावलं, शुद्ध हाय न्हाय, माझंच नाव घेतीया. चौथ्या दिवशी सकाळी मी रुद्रभूमीत गेलो आन पाचव्या खड्ड्यापाशी बघतोय तर काय... चार दिवस पाणी न्हाय, माती कोरडी, आन शेंड्याला कोंब! तांबूस, लुसलुशीत, नवा कोंब! झाड लागलं व्हतं! आन लगीच गावाचा हिशेब आठवला, खड्ड्याला माणूस मिळाला की झाड लागतं. म्हंजे अव्वा यायची थांबली, आन झाड लागलं? मी, खड्ड्यावर इश्वास न ठेवणारा, साऱ्या गावाला हसणारा... पळत नळाकडं गेलो. तांब्या भरला. ओतला. परत भरला. तीस वर्षं माळीकाम केल्याल्या माणसानं, लागल्याल्या झाडाला, सोताच्या हातानं एकवीस तांबे पाणी घातलं. संध्याकाळी परत एकवीस. आन तुमी हसा, नका हसू, दुसऱ्या दिवशी अव्वाचा ताप उतरला.

उठून बसली, पेज प्याली, आन पहिल्यांदा काय इचारलं? माझं चार दिवस चुकलं रं, झाडाला कुणी पाणी घातलं का? म्हणलं, म्या घातलं अव्वा. ती म्हणली, बरं केलंस, उद्यापासनं मी जाते.

आज सकाळी जाऊन बघितलं. कोंब मान टाकतोय, खालची पानं पिवळी पडायला लागल्यात... लई बरं वाटलं हो. आता उद्या लोहाऱ्याला जायचं, दहावं आणायला.