चुकलेला निषेध

(अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी. बाईंच्या घरी, बाहेरच्या खोलीत. समोर कामगार संघटनेचे सचिव.)

सचिव : ...तर काकू, काल हॉलच्या दारात आम्हाला ज्यांना खुनी म्हणायचं होतं, ते हे नव्हतेच.

बाई : ते आलं माझ्या लक्षात. तुमच्या फलकांवर कारखान्याचं छप्पर होतं आणि आमचे हे जन्मभर पोस्टात. बसा ना, उभ्याउभ्या कसली माफी मागताय.

सचिव : छप्पर कोसळून आमची माणसं गेली. त्या मालकाचा अंत्यविधी दुपारी त्या हॉलमध्ये होता, पक्की बातमी होती.

बाई : होताच दुपारी. आदल्या दिवशी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. पाहुण्यांना लवकर परतायचंय, तुमची सकाळची वेळ आम्हाला द्याल का म्हणाल्या. इतक्या गोड बोलल्या की मीच विचारलं, आणखी काही हवंय का.

सचिव : म्हणजे त्यांना आमचा सुगावा लागला होता.

बाई : असेल. गेलेल्या माणसाचीही वेळ बदलून मिळते हे मला नवीनच.

सचिव : एक सांगतो काकू, राग मानू नका. अंत्यविधीच्या दारातसुद्धा बोलायचा हक्क आहे, हे आम्ही कोर्टात भांडून मिळवलंय. त्यावर मी आजही ठाम आहे. फक्त...

बाई : फक्त दार चुकलं.

सचिव : हो.

बाई : राहा की ठाम. हे असते तर तुमचीच बाजू घेतली असती. पेपरात तुमची बातमी आली तेव्हा माझ्याशी वाद घातला होता. म्हणे, बोलू द्यावं माणसाला, न बोलणारा जास्त छळतो. आमच्याकडे एक होताच तसा.

सचिव : कोण?

बाई : थोरला. धाकटा अपघातात गेला, गाडी हे चालवत होते. तेव्हापासून थोरल्याने यांच्याशी बोलणं टाकलं. हे म्हणायचे, एकदा येऊन शिव्या तरी घाल रे. परवा मी त्याला निरोप धाडला. काल सारा वेळ मी त्याच्यासाठी बाहेर बघत होते. लोकांना वाटलं, तुमच्यामुळेच.

सचिव : आले ते?

बाई : नाही. तुमची गर्दी बघून परत फिरला असेल. माफी राहू द्या, तेवढंच विचारायचं होतं. उंच आहे, चष्मा. गाडीत तोही होता, तेव्हापासून लंगडतो.

सचिव : लंगडतो?

बाई : हो. काय झालं?

सचिव : एक जण आमच्यात येऊन उभा राहिला होता. लंगडत. आम्हाला वाटलं, छपराखाली सापडलेला कामगार. आम्ही त्याला पुढे जागा करून दिली.

बाई : मग?

सचिव : आधी गप्प होता. मग ओरडायला लागला. आम्ही दमलो तरी थांबेना.

बाई : तेच? खुनी?

सचिव : तेच. मी... मी त्याची पाठ थोपटली काकू.

बाई : म्हणजे आला होता.

सचिव : मी शोधतो त्याला. सांगतो, ती घोषणा यांच्यासाठी नव्हती म्हणून.

बाई : तुमची नव्हती. त्याची होती.

सचिव : आत ऐकू येत होतं का हो सगळं?

बाई : सुरुवातीला गलकाच नुसता. पुढे त्यातला एक आवाज फारच चढला, तेव्हा मी उठून दार लावून घेतलं.