आबांनी शिवलेली पॅन्ट

या पॅन्टवरून तुम्ही मला चिडवता ना, मग आज चहा होईपर्यंत तिची हकिकत ऐकाच.

देहूरोडला नोकरीच्या मुलाखतीला निघालो होतो. अंगात सेलमधली कोरी पॅन्ट. लोणावळा स्टेशनबाहेर बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि ती मागून टर्रकन उसवली. समोरच कुरवंड्याच्या एका आबांचं टेलरिंगचं दुकान होतं. त्यांनी मला टॉवेल गुंडाळून आत बसवलं आणि पॅन्ट मशीनवर घेतली.

"कापडात जीवच न्हाई," ते म्हणाले. "असल्या किती घेतल्या?"

"चार."

"नोकरी लागली की एकच शिव. पर चांगल्या कापडाची."

गाडी मिळाली, नोकरीही लागली. मग आबांकडूनच ही शिवून घेतली. दहा वर्षं वापरली आणि गेल्या महिन्यात ती कमरेत बसेना. आता टाकूनच द्यावी लागणार, असं धरून आबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि मागची शिवण उसवली. आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं होतं.

"हे कधी ठेवलंत, आबा?"

"शिवतानाच माया सोडलीवती. म्हटलं, पोरगं आज वाळकं हाय. नोकरी टिकंल, लगीन हुईल, मग अंग धरंल."

नोकरी नवी होती तेव्हा पुढच्या महिन्याचीही मला खात्री नव्हती, आणि या माणसाने माझा सुखाचा संसार गृहीत धरून कापड बेतलं होतं.