इंजिन बसलं त्या दुपारी

वॉरंटीचं नाव काढलं ना, तर मले आजही घाम फुटते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून तिले गाडीत घेऊन भंडाऱ्याहून लाखांदूरले येऊन राहिलो होतो. तिच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुकच दिसते. भर दुपारी, ऐन जंगलात इंजिन खाडकन वाजलं अन् बंद पडलं. शोरूमले फोन लावला.

"सर, तुमची वॉरंटी सोमवारीच संपली," तिथली मुलगी म्हणाली. "बोनेट उघडून धूर निघतो का, तेवढं सांगा."

मी दार उघडलं, तर समोर रस्त्यावर वाघ बसलेला! हळूच दार लावून घेतलं.

"सर, उघडलं का बोनेट?"

मी फोन कापला.

"काय झालं गा?" आईनं विचारलं.

"काही नाही, इंजिन गरम झालं. बसून राहा तू."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. शेवटी मागून एसटी आली, हॉर्न वाजला, तसा वाघ उठून झाडीत गेला.

एसटीत बसल्यावर म्हटलं, "आई, समोर वाघ होता."

"माहीत हाय मले. तू दार उघडलं तेव्हाच वास आला. तू भिशील म्हणून बोलली नाही."