खिशातली काडीपेटी

(तेरखेडा. करोनाचं पहिलं साल, खुरपणीचे दिवस. दुपारी अंगणात दैवशाला धुणं धुतेय. नवरा वैजनाथ बाजेवर.)

दैवशाला : म्या काय इचारतेय? तुमच्या सदऱ्यात काडीपेटी कामून?

वैजनाथ : आसंल कुणाची तरी.

दैवशाला : बिडी तुमी वढत न्हाय. वीस वर्सं फटाक्याच्या कारखान्यात मुकादमी केली. फाटकात गड्यांचे खिसे तुमीच चाचपायचे. माझ्या सख्ख्या भावाकडं एक काडी घावली, तर त्याला तिथनंच घरी धाडलंत.

वैजनाथ : तवा कारखाना चालू व्हता.

दैवशाला : माल तर आत तसाच हाय न्हवं? आन तुमी रोज कुलूप काढून तिथं जाऊन बसता. माझ्याकडं बगा. मला लई भ्या वाटायलंय.

वैजनाथ : तुझं बरं हाय. भनीपाशी फोनवर रडतीस, शेजारच्या हरणाबाईपाशी रडतीस, डोळं पुसून पुन्ना मास्क शिवायला बसतीस. गडीमाणसानं कुठं जावं? लग्नसराई गेली, जत्रा गेल्या, पारावर कुणी बसू देईना. सकाळी उठून कशासाठी चपला घालायच्या, तेच कळंना झालंय.

दैवशाला : म्हून काडी?

वैजनाथ : तीन दिस झालं, खिशात हाय. वढली न्हाय.

दैवशाला : का न्हाय वढली?

वैजनाथ : कारखान्याच्या बांधाला लागून बाया खुरपत्यात. रोज असत्यात. उगं त्यांच्या जिवाला...

दैवशाला : देवानंच ठिवल्या त्या बाया तिथं. आन म्या? म्या न्हाय आले व्हय ध्यानात?

वैजनाथ : आलीस. म्हून तर खिशातली काडीपेटी न काढता सदरा धुयाला टाकला.

दैवशाला : किल्ली द्या कारखान्याची.

वैजनाथ : ही घे.

दैवशाला : उद्यापून माझ्यापुढं बसायचं. मास्काच्या नाड्या कापायच्या. माझ्या सगळ्या वाकड्या जात्यात. तुमचा हात फटाक्याच्या वाती कापून बसलेला हाय.

वैजनाथ : लोक हसतील, दैवशाला.

दैवशाला : हसू द्या. त्येंचंबी तोंड मास्कातच हाय.

वैजनाथ : ती काडीपेटी दे इकडं. फेकून येतो.

दैवशाला : फेकता कशाला? चूल पेटवा. दोघांचा च्या ठिवा.

वैजनाथ : मला कुठं येतोय च्या?

दैवशाला : यील. म्या बसते जवळ.