लाडू जेवंना

आमी मूळचे इथलेच, चाकणच्या अलीकडचं गाव, आता गाव म्हणायला मारुतीचं देऊळ आणि तालीम तेवढी उरलीय, बाकी सगळीकडं कंपन्यांचे पत्रे. पोहे घ्या ना, गार होतील. तर माझं लहानपण शेतातल्या घरात गेलं, तिथं कांद्याच्या चाळीत साप निघायचा, पण आई त्याला साप म्हणायची न्हाई, लांबडं म्हणायची, नाव घेतलं की पुन्हा येतं म्हणून. वडील म्हणायचे, बाजूला व्हा, त्याला जाऊ द्या, आणि तोही जायचा बिचारा. आमच्या घराण्याचा सापाशी संबंध एवढाच, एकमेकाला वाट द्यायची. घरात काचेची पेटी आणून त्यात साप ठेवणारा आमच्यात मीच पहिला.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. आयटीआय केलं आणि इथंच कंपनीत लागलो, गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनतात, मी क्वालिटीत. मशीनमधून माल पडत राहतो आणि मी दर तासाला जाऊन एक पार्ट उचलायचा, मापाचा गेज लावायचा, बसला तर ओके, न्हाई बसला तर लाल डब्यात. सगळी उमर यातच गेली, तर काय सांगू तुमाला, सवय घरी पण येते. गॅसचं बटण बंद केलं तरी मी पुन्हा जाऊन बघणार, कडी लावली तरी पुन्हा ओढून बघणार. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, भात लावते तेव्हा मला स्वयंपाकघरात येऊ देत न्हाई, कारण मी झाकण काढून बघतो, शिजला का, आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघतो. ती म्हणते, भात हाय तो, तुमचा पार्ट न्हाई. अहो, तिला बघायला गेलो तेव्हाच मी असा टक लावून बसलेलो की तिचे मामा म्हणाले, पावणं, माप घेताय का.

आमाला एकच मुलगी, ऋतुजा, ताथवड्याला इंजिनिअरिंगला. तिच्या वर्गातल्या मित्राला बंगळूरला नोकरी लागली, त्याच्याकडं हा साप होता, बॉल पायथन म्हणतात, परदेशातला लहान अजगर, विष न्हाई, भांडण न्हाई. आपल्याकडचे साप पाळायला बंदी हाय पण हा चालतो, सरकारी नोंदणी केली, कागद ऋतुजाच्या नावावर झाले. तो घाबरला की गोळा होऊन बसतो, डोकं मधे घालून, म्हणून तिनं नाव ठेवलं लाडू. आईनं पेटीकडं एकदा बघितलं, म्हणाली लांबडं ते लांबडंच, आणि आत जाऊन बसली.

पेटी आली तेव्हा सुनंदानं एकच अट घातली. माझ्या घरात कुणी उपाशी राहिलेलं मला चालणार न्हाई, मग त्याला पाय असोत नसोत. खाल्लं तर राहील, न्हाई खाल्लं तर ऋतुजानं सुट्टीला आल्यावर ज्याचं त्याला परत करायचं, उपाशी मरताना मी बघणार न्हाई. आणि ऋतुजाची तर इंटर्नशिप लागली, नाशकाला निघाली. जाताना पोरगी मला म्हणाली, पप्पा, नवीन जागा हाय त्याला, पयले काही दिवस हात लावायचा न्हाई, सारखं बघायचं पण न्हाई, मग उंदीर द्यायचा. उंदीर म्हणजे दुकानातून आणलेले, मेलेले, बर्फातले, त्यासाठी गच्चीवरच्या खोलीत जुना फ्रीज लावला. मी म्हटलं, तू काळजी करू नको, मी हाय ना. यातच सगळं आलं.

पयली चूक म्हणजे पेटी ठेवली हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, का तर तिथं लक्ष राहतं. गल्लीत बातमी गेली, बायका हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन हजर. मी सांगितलं, मावशी, हा दूध पीत न्हाई. त्या म्हणाल्या, तुमी पाजत नसाल. आता इतकं दूध काय करणार, मी त्याचा चहा करून त्यांनाच पाजला, त्या खूश होऊन गेल्या. दुसरी चूक, पेटीत त्याला लपायला उलटं कुंडं ठेवलं होतं, ते मी उचलून बघायचो. जिवंत हाय का, हलला का, खाली बसला का वर बसला. ड्यूटीवरून आलो की बघ, जेवणाआधी बघ, जेवण झाल्यावर बघ. कंपनीत मशीनभोवती फिरतो तसा घरात लाडूभोवती फिरायला लागलो. आणि तिसरी चूक, उंदीर फ्रीजमधून काढला की बर्फ सुटल्यावर तसाच पोळीच्या चिमट्यात धरायचा आणि त्याच्या तोंडापुढं नाचवायचा, मी स्वतः काचेला नाक लावून. लाडू काय करणार, गोळा. मी चिमटा पुढं केला की अजून घट्ट गोळा. शेवटी उंदीर बाहेर काढायचा आणि खड्ड्यात पुरायचा. चिमट्याचं सुनंदाला कळलं तेव्हा तिनं तो मोरीत फेकला आणि त्या दिवशी पोळ्या हातानं भाजल्या.

मग सल्ले. आमच्या लाइनवरचे रफिकभाई, मशीन लावून देणारे सेटर, ते म्हणाले, टेंपरेचर बढाओ भाई. दुसरा म्हणाला कमी कर. मी दोन्ही केलं. हीटरचा काटा वर, खाली, दिवा आत, दिवा बाहेर, भुसा बदल, पाण्याचं भांडं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. फोनवर ऋतुजा विचारायची, पप्पा, खाल्लं? मी म्हणायचो, आज जरा मूड न्हाई त्याचा. आणि इकडं लाडूची कातडी सैल पडायला लागली, पाठीचा कणा वर दिसायला लागला, तेव्हा मात्र हसू थांबलं. सुनंदा जेवायला बसली की दोन घास कमी खायची. म्हणायची, तिकडं जीव उपाशी हाय आणि आपण ताटावर.

अशात कंपनीत ऑडिट लागलं. कस्टमरची माणसं येणार म्हटल्यावर घरी यायला टाइम न्हाई, आलो की झोपायचं, उठलो की पळायचं. त्यात सुनंदाच्या भिशीच्या बायका घरी यायच्या होत्या, त्यातली एक सापाला भयंकर भिते, म्हणून हिनं पेटी माझ्या भाच्याकडून उचलवली आणि मागच्या धान्याच्या खोलीत नेऊन ठेवली, वर चादर टाकली. तिथं अंधार, गडबड न्हाई, मी न्हाई.

आणि ऑडिट संपल्याच्या दिवशी मी घरी आलो तर सुनंदा शांतपणे म्हणाली, लाडू जेवला.

मी म्हटलं, कसा जेवला, कुणी दिलं. ती म्हणाली, मी वाढलं. उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला, हाताला ऊन लागंल एवढा, गार अन्न आपण तरी कुणाला वाढतो का. मग नव्या चिमट्यानं त्याच्या कुंड्यापाशी ठेवला, चादर टाकली आणि दार ओढून घेतलं. मी म्हटलं, आणि बघितलं न्हाईस? तर तिनं माझ्याकडं असं बघितलं. म्हणाली, जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, एवढं पण तुमाला सासूबाईंनी शिकवलं न्हाई का. आतून आईचा आवाज आला, शिकवलं होतं, त्यानं ऐकलं न्हाई.

मी सरळ धान्याच्या खोलीकडं निघालो, तर सुनंदा दारात. म्हणाली, जेवल्यावर हात लावला तर ओकतो, ऋतुजानं सांगितलंय. मी म्हटलं, हात लावत न्हाई, नुसतं बघतो, पोटाला फुगवटा हाय का तेवढं. ती म्हणाली, उंदीर ठेवला होता, उंदीर न्हाई, अजून काय बघायचंय. त्याच वेळी ऋतुजाचा फोन. पप्पा, खाल्लं? आता काय सांगू तुमाला, इतकी वर्षं मी न बघता एक पार्ट पुढं सोडला न्हाई, साहेब उभा असला तरी न्हाई. मी दाराकडं बघितलं, सुनंदाकडं बघितलं आणि म्हणालो, खाल्लं, ओके हाय.

ऋतुजा सुट्टीला आली तेव्हा लाडू भरलेला होता, कणा दिसत नव्हता, परत द्यायचा विषय कुणी काढला न्हाई. अजून तिथंच असतो, धान्याच्या खोलीत. सुनंदा वाढते, दार ओढते, आणि आमी दोघं इकडं दाराकडं पाठ करून बसतो. लाडूला जेवताना मी आजपर्यंत बघितलेलं न्हाई. आता बघेन असं वाटत पण न्हाई, तो जेवतो, तब्येतीनं राहू दे, आपल्याला काय करायचंय बघून. भाताचं झाकण मात्र अजून काढतो, ते सुटायचं न्हाई.

अरे, तुमचे पोहे तसेच राहिले की. मघापासून मी तुमच्याकडंच बघत बोलतोय. सुनंदा, यांना दुसरे गरम दे. आणि तुमी निवांत खा, मी इकडं तोंड करून बसतो.