कॉलमनच्या घराचं दार

तेच तर सांगतोय साहेब, व्हॅन एकच आहे माझी – तिच्यातूनच कामावर जातो, रविवारी आईला चर्चला नेतो, मग सुतारकामाची हत्यारं काय दर रविवारी उतरवून ठेवू? दोन्ही वापरांचा विमा काढा म्हणाला तुमच्याच कंपनीचा माणूस, काढला. आणि आता तुम्ही विचारता, चोरीच्या दिवशी हत्यारं कामावर होती की घरगुती फेरीवर. कामावर असली तरच भरपाई – हो, वाचलंय मी. कामावरच होती. शेजारचा कॉलमन गेला, मी बसलो होतो त्याच्या घरी सगळ्यांसारखा, चहा घेत – आणि शवपेटी दारातून निघेना. रिकामी होती तेव्हा तिरकी करून आत घेतली होती, आता आत कॉलमन. नोरीन, त्याची बायको, हळूच म्हणाली, "मायल्स, त्याला तिरका करू नकोस रे." मी व्हॅनमधून पटाशी नि रंधा आणला, चौकट काढली, कडा तासल्या, कॉलमन सरळ बाहेर आला. याला काम नाही तर काय म्हणायचं? पैसे? मयताच्या घरी पैसे घेतात? तुमच्या डब्लिनमध्ये घेत असतील.

हत्यारं परत व्हॅनमध्ये ठेवली, पेटीला खांदा दिला, कबरीपर्यंत चालत गेलो. परत येतो तर व्हॅन रिकामी. बाबांचा रंधासुद्धा गेला, त्यांच्या पंजाने मूठ झिजलेला. तीन आठवडे उसन्या करवतीवर काम करतोय, या वयात – आणि ती करवतही शनिवारी परत द्यायचीय. दार फोडल्याची खूण? खूण कुठून असणार, फोडायला आधी बंद हवं ना. मयताच्या अंगणात गाडीला कुलूप कोण लावतं? शेजाऱ्यांना चोर म्हटल्यासारखंच ते. तीस गाड्या होत्या, सगळ्यांच्या किल्ल्या आतच – कुणाची आडवी आली तर कुणीही सरकवावी म्हणून.

काय लिहिलंत?

अर्जात – हो. अर्जात मी 'कुलूप होतं' असं लिहिलंय. तिथे दोनच चौकोन होते, साहेब, हो नाहीतर नाही. मयताचं घर असा चौकोन नव्हता.

खोडता येत नाही का ते?

बरं. राहू दे तो चहा, गार झालाय. तुमची गाडी माझ्या व्हॅनच्या आडवी आहे, मी सरकवतो, तुम्ही बसा – काय? कुलूप लावलंत? माझ्या अंगणात?

उठा. तुमची तुम्हीच सरकवा.