भिंतीकडे तोंड करून बसलेला व्याही

ऐका मंडळी! पुढे सरका, खांबाला टेकून झोपायला आलेल्यांनी तर अगदी पुढे या. सवाल सोपा आहे — लहानपणीची माया माणसाला वाढवते, की बुडवते? जुन्या कथा काढून बघा. बाळपणी एका बोरीखाली खेळलेली दोघं. शेवटी एक समाधीत, दुसरा समाधीवर! का बरं? तर त्रिंबकाचं ऐका.

त्रिंबक पोरका. मामाकडे वाढलेला. मामीनं ताट आपटायचं, यानं ते परत सरकवायचं. पोरगं वाळून काडी! शेजारी गोजरा. तिची बाहुली, याचा बाहुला — ठरलं लग्न! त्रिंबक झाला वरबाप. आणि वरबापाचं काम काय, मंडळी? रुसणं! "आमच्या बाहुल्याला पायघड्या नाहीत!" म्हणाला, आणि बसला भिंतीकडे तोंड करून.

गोजरा गूळ-शेंगदाणे घेऊन आली. "व्याही, उठा आता. तुमच्यावाचून मांडव ओस पडलाय." आणि घास भरवला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्याला 'जेव' म्हणत होतं! मग काय — रोज रुसवा, रोज घास. अंगावर मूठभर मांस चढलं. मायेनं वाढवलं की नाही? वाढवलं! कथा इथंच संपती, तर मलाही घरी लवकर जाता आलं असतं.

पण बाहुल्याला वाळवी लागली, वरबाप मात्र तस्साच! मिशी फुटली तरी रुसतोय. एके दिवशी विहिरीवर गोजरा म्हणाली, "उद्या मला बघायला येतायत. तुला काही बोलायचंय का रे?"

बोलायचं होतं हो! पण गडी काय करतो? वळला — आणि रहाटाकडे तोंड करून बसला! मनात म्हणतो, येईल. नेहमी येते. काढेल समजूत.

भरली घागर कमरेवर घेऊन गोजरा दिवेलागणीपर्यंत उभी. "त्रिंबक, दर वेळी मीच उठवलं. आज एकदा तू ऊठ." उठला? छे! आणि घागर जड होती, मंडळी. गेली ती.

लग्नाच्या दिवशी स्वारी मांडवामागे, भिंतीकडे तोंड करून. शेजारी येऊन कोण बसावं? खरा वरबाप! उपरणं सुती दिलं म्हणून रुसलेला! वाजंत्री घेऊन लोक न्यायला आले, तसा टुणकन उठला. त्रिंबक थक्क. "काका, इतक्यात?"

"अरे खुळ्या, जिलबी गार व्हायच्या आत उठायचं असतं!"

शेवटी गोजरा आली, हळदीच्या अंगानं. समोर पान ठेवलं. "व्याही, आज मांडव भरलाय. जेवून घ्या." आणि वळली. हा बसला, ती घास भरवील म्हणून वाट बघत. जिलबी कावळ्यानं नेली.

हसताय? हसा! सख्ख्या भावाशी अबोला धरून छाती काढून बसलेले इथं किती आहेत, ठाऊक आहे मला. निम्मे तर माझेच पाहुणे! माया मिळाली हे भाग्य. ती कायम भरवूनच मिळावी, हा माज! देवाशीही तेच — नवसाला पावला नाही, की देवळाकडे पाठ. देव येणारेय होय गूळ-शेंगदाणे घेऊन?

चला, आरतीला उभे राहा. आपापल्या पायांवर! हात धरून उठवायला गोजरा येणार नाही. तिचं लग्न झालं.